दोन पिशव्यांचा खुलासा

ऑफिसातून कुणी निवृत्त झालं की निरोपाची भेट भांडारपालांनी आणायची, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. पण टाचणीपासून नळाच्या तोटीपर्यंत सगळं ज्याच्या कपाटातून निघतं, त्याच्याच कपाटातून भेटवस्तूही निघेल, असं लोकांनी परस्पर धरून टाकलं होतं. ऑफिस पाणीपुरवठ्याचं. इमारत तीन मजली, आणि तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. त्याची तक्रार करायची तर पहिल्या मजल्यावर यावं लागतं, आणि पहिल्या मजल्यावरचे लोक म्हणतात की इथे तर येतंय.

आता खरं बोलायचं तर भेटींच्या बाबतीत भांडारपालांचा हातगुण काही चांगला नव्हता. नकाशे विभागातल्या एका गृहस्थांना त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते तिसऱ्या दिवशी बंद पडलं. ते गृहस्थ घड्याळ काखोटीला मारून महिनाभर रोज ऑफिसात यायचे, 'बदलून द्या' म्हणत दुपारपर्यंत बसायचे, चहा प्यायचे. नोकरीत असताना इतके नियमित ते कधीच नव्हते. मग एका इंजिनिअरांना भांडारपालांनी काठी दिली. काठी उत्तम होती, मुठीला पितळ वगैरे. पण ते इंजिनिअर रोज सकाळी तासभर धावायचे, आणि ही गोष्ट भांडारपाल सोडून सगळ्या इमारतीला माहीत होती. त्या दिवसापासून त्यांनी भांडारपालांशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

त्यामुळे या खेपेला चहाच्या वेळी टायपिस्टबाई हळूच म्हणाल्या, "या वेळी दुसऱ्या कुणाला सांगायचं का?" तेव्हा सगळ्यांनी एकदम आपापल्या कपात पाहिलं. भांडारपालांच्या ते चांगलंच वर्मी लागलं.

"एकोणीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतोय," ते म्हणाले. "त्यांना काय हवं ते मला नाही कळणार, तर कुणाला कळणार?"

तोऱ्यात बोलून गेले, आणि जागेवर येऊन बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला शष्प माहीत नाही.

निवृत्त होत होत्या आवक-जावकच्या ताई. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा. त्या पाकीट पट्टीने फोडणार, शिक्का मारणार, रजिस्टरात नंबर घालणार आणि ज्याचं त्याला पोचवणार. बाहेर जाणारा कागदही तसाच. कॉम्प्युटर आले, त्यांच्यावर कव्हरं आली, पण ताईंच्या रजिस्टरात नंबर पडल्याशिवाय कागद हलला असं कधी झालं नाही. आणि अशा या ताई रोज मोटरसायकलवर यायच्या. स्कूटर नव्हे, मोपेड नव्हे, चांगली दोन माणसांना उचलावी लागेल अशी काळी मोटरसायकल. दहाला दहा कमी असताना खालून धडधड ऐकू आली की लेखापाल आपलं घड्याळ लावायचे. ताई वर येऊन हेल्मेट काढायच्या, ते प्रलंबित कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवायच्या आणि भांडारपालांना म्हणायच्या, "भाऊसाहेब, आला का तुमचा शिक्क्याचा पॅड?"

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्या गाडी काढून समुद्रापर्यंत जाणार होत्या, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने, कंटाळा येईपर्यंत. भांडारपालांना बसमध्ये खिडकीशी बसलं तरी धास्ती वाटते. पण त्यांच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली. त्या दिवशी ताईंच्या गाडीवर आपण दिलेलं काहीतरी असलं पाहिजे. ते उपयोगाचं असलं पाहिजे, आणि ताईंना त्याचा आधी वाससुद्धा लागता कामा नये. हातात दिवस होते वीस.

घरी विषय काढायचा नाही असं ठरवून ते घरी गेले, आणि चप्पल काढता काढताच काढला.

"काचेचे सहा पेले द्या," बायको म्हणाली.

"अगं, त्या मोटरसायकलवर जाणार आहेत. पेले कुठे ठेवतील?"

"मग परत आल्यावर पाणी पिणार नाहीत का? आणि अहो, तुम्हाला सांगून ठेवते, काठी देऊ नका."

वरच्या मजल्यावरच्या काकांना हे कसं कळलं ते देव जाणे, पण जेवण होतंय तोवर ते खाली आले. काका विम्यातून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला द्यायची त्यांची तयारी असते, आणि ज्या विषयातलं त्यांना कळत नाही त्यात तर ते जास्त खुलतात. त्यांनी तरुणपणी दीड महिना स्कूटर चालवली होती.

"हातमोजे द्या," काका म्हणाले. "वाऱ्याने बोटं बधिर होतात. माझी झाली होती."

"त्यांच्याकडे आहेत हातमोजे."

"मग आरसा. मागून कोण येतंय ते दिसलं पाहिजे. मला दिसलं नव्हतं, म्हणून तर सोडली मी स्कूटर." एवढं बोलून काकांनी स्कूटर कशी सोडली, किंवा स्कूटरने त्यांना कसं सोडलं, ते सविस्तर सांगितलं. ते वर गेले तेव्हा भांडारपालांना एक गोष्ट उमगली, की गाडी न बघता गाडीची भेट ठरवणं म्हणजे माल न बघता पावती करण्यासारखं आहे. भांडारपालाच्या धर्मात याहून मोठं पाप नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ताई साहेबांकडे टपाल घेऊन गेल्या असताना, ते खाली गाड्या लावायच्या जागेत गेले. बरोबर मोजपट्टी, पेन्सिल आणि छोटी वही. गाडीभोवती त्यांनी एक चक्कर मारली. आरसे दोन, ठीक. सीट एक, ठीक. आणि मागे त्यांना दिसली दोरी. ताई आपलं सामान, म्हणजे डबा, रेनकोट, भाजीची पिशवी, सगळं सीटच्या मागच्या भागावर सुतळीच्या दोरीने बांधून आणायच्या. दोरीला तीन ठिकाणी गाठ मारलेली होती. एवढ्या लांबच्या प्रवासाला ही बाई अशी जाणार?

ठरलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना लटकवतात तशा पिशव्या. चामड्याच्या, बक्कल असलेल्या. भांडारपालांना इतका आनंद झाला की ते धोतरवाल्यासारखे तिथेच उकिडवे बसले आणि मागच्या चाकापासून सीटपर्यंतचं माप घ्यायला लागले.

"हात वर!" मागून पहारेकरी ओरडला. वीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सापडलं होतं. "अरेच्चा, भाऊसाहेब तुम्ही? मला वाटलं चोर."

आणि त्याच्या मागे ताई उभ्या.

"काय झालं भाऊसाहेब?"

"किल्ली," भांडारपाल म्हणाले. "कपाटाची किल्ली पडली इथे."

"अगंबाई, भांडाराची?" असं म्हणून ताई पटकन गुडघ्यावर बसल्या. पहारेकरी बसला. तिघांनी मिळून पंधरा मिनिटं त्या न हरवलेल्या किल्लीचा शोध घेतला. ताईंनी तर गाडी दोनदा मागेपुढे केली. शेवटी भांडारपालांनी पाठमोरं होऊन खिशातली किल्ली काढली आणि "ही काय!" म्हणून दाखवली. त्यांच्या विजारीच्या गुडघ्यांना ग्रीस लागलं होतं, आणि ताईंचे हात काळे झाले होते. त्यांना स्वतःची भारी शरम वाटली. पण माप मिळालं होतं.

इथवर सगळं सरळ होतं. एखादा साधा माणूस असता तर दुकानात गेला असता आणि पिशव्या घेऊन आला असता. पण एकोणीस वर्षं भांडार सांभाळलेला माणूस साधा राहत नाही. तीन दुकानांची दरपत्रकं मागवल्याखेरीज त्यांनी आजवर झाडूसुद्धा घेतला नव्हता. घरी नवीन कुकर घेतानाही त्यांनी तीन मागवली होती, आणि ती येईपर्यंत बायकोने जाऊन कुकर आणला होता. त्यातून लेखापालही म्हणाले, "वर्गणी असली म्हणून काय झालं? पद्धत ती पद्धत." झालं. भांडारपालांनी एका संध्याकाळी तीन दुकानांना तीन सुरेख पत्रं लिहिली. विषय: मोटरसायकलच्या बाजूच्या पिशव्या, नग दोन, दर कळविण्याबाबत. ऑफिसात त्यांचा सुगावा नको म्हणून पत्रं त्यांनी घरी लिहिली, पाकिटं पदरची वापरली, तिकिटं पदरची लावली. फक्त पेटीत टाकायच्या आधी दुपारी ती पाकिटं क्षणभर त्यांच्या टेबलावर पडली होती.

आणि हाताला सवय असते. टेबलावर पाकीट आलं की भांडारपालांचा उजवा हात आपोआप पॅडकडे जातो. त्यांचं डोकं दुसऱ्याच विचारात होतं, आणि हाताने तिन्ही पाकिटांच्या कोपऱ्यावर ठसठशीत शिक्का मारला: 'उत्तर कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावे.'

हे त्यांना आठवलं तिसऱ्या दिवशी, आंघोळ करताना. डोक्यावर घेतलेला तांब्या तसाच राहिला. दुकानांची उत्तरं ऑफिसात येणार. ऑफिसात म्हणजे ताईंच्या टेबलावर. ताई ती पट्टीने फोडणार.

त्या दिवसापासून पोस्टमनच्या वेळेला भांडारपाल आपली खुर्ची सरकवून ताईंच्या टेबलाशी जाऊन बसायला लागले.

"ताई, आता तुमचे शेवटचे दिवस. जरा आराम करा. टपाल मी घेतो."

"शेवटचे दिवस काय? निवृत्त होतेय मी, मरत नाहीये."

पोस्टमनला त्यांनी जिन्यात गाठलं. पण तो पोस्टमन म्हणजे अगदी खडूस. "इथली सही ताईंची," तो म्हणाला. "तुमच्या हातात दिलं आणि उद्या काही कमीजास्त झालं तर?" अकरा वर्षांपूर्वी भांडारपालांनी स्वतःच त्याला हे वाक्य ऐकवलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

पहिलं पाकीट सोमवारी आलं. ताईंनी ते फोडलं, वरची ओळ वाचली, शिक्का मारला, रजिस्टरात नोंद केली आणि हात लांब करून भांडारपालांच्या टेबलावर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. भांडारपालांचा जीव टांगणीला लागला होता.

"भाऊसाहेब," ताई पाच मिनिटांनी म्हणाल्या, "भांडाराला मोटरसायकलच्या पिशव्या कशाला लागल्या?"

आता इथे त्यांनी गप्प बसायला हवं होतं. नाहीतर 'चुकून आलं' म्हणायचं. पण खोटं बोलायची ज्याला सवय नसते, तो पहिलंच खोटं फार मोठं बोलून बसतो.

"मीटर-वाचकांसाठी," ते म्हणाले.

"मीटर-वाचक तर पायी हिंडतात."

"म्हणूनच. म्हणजे, पुढेमागे."

"बरं," ताई म्हणाल्या, आणि दरपत्रकाची प्रत नियमाप्रमाणे साहेबांच्या टपालात घातली.

आपले साहेब सज्जन माणूस. कुठलाही कागद समोर आला की ते न वाचता सही करतात, आणि मूड चांगला असेल तर सहीच्या वर एक ओळही लिहितात. त्या दिवशी मूड चांगला होता. त्यांनी लिहिलं: 'स्तुत्य कल्पना. प्रस्ताव तातडीने मुख्य कार्यालयास सादर करावा.' तो कागद लेखापालांकडे गेला. लेखापालांना वर्गणीच्या पिशव्या माहीत होत्या, पण या दुसऱ्याच असाव्यात अशी त्यांची समजूत झाली. साहेबांची सही पाहून त्यांनी प्रस्ताव केला, टायपिस्टबाईंनी टाइप केला, ताईंनी नंबर घातला, आणि भांडारपाल बँकेतून परत येईपर्यंत तो निघूनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी मीटर-वाचकांचा म्होरक्या त्यांच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. उन्हातान्हात घरोघरी हिंडणारा, रापलेला माणूस. त्याच्या हातात कापडी पिशवी होती, तळाशी फाटलेली.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "आमचा विचार करणारं कुणी या इमारतीत आहे, हे आज कळलं बघा. आम्ही अकरा जण आहोत. रंग कुठलाही चालेल."

तो माणूस गेला तरी भांडारपाल त्याच्या फाटक्या पिशवीच्या जागेकडे बघत बसले. आयुष्यात एकदाच खोटं बोललो, आणि ते नेमकं अकरा माणसांना खरं वाटलं, हे त्यांना फार लागलं. त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत नेला. बायकोने विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाले, "काही नाही." मग तिने वरच्या काकांना बोलावलं. काका म्हणाले, "ऑफिसचं लफडं दिसतंय. सरळ आजारी पडा. पंधरा दिवस अंथरुणातून उठू नका, सगळं मिटतं. मी असंच एक प्रकरण मिटवलं होतं." ते प्रकरण अजून कोर्टात आहे, हे नंतर बायकोने सांगितलं.

एरवी मुख्य कार्यालयाकडून उत्तर यायला सहा महिने लागतात. पण त्यांना शंका आली असेल तर चार दिवस पुरतात. शुक्रवारी लांबट पाकीट आलं. ताईंनी फोडलं, वरची ओळ वाचली आणि या वेळी मात्र त्या उठून भांडारपालांच्या टेबलापर्यंत आल्या.

"तुमच्यावर आलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

पत्रात तीनच ओळी होत्या. मीटर-वाचकांना मोटरसायकली कधी, कोणाच्या आदेशाने व कोणत्या तरतुदीतून देण्यात आल्या, याचा खुलासा संबंधित भांडारपालाने तीन दिवसांत लेखी सादर करावा, अन्यथा.

अन्यथाच्या पुढे काही नव्हतं. नुसता पूर्णविराम. त्या पूर्णविरामाने भांडारपालांची पाचावर धारण बसली. एकोणीस वर्षांत त्यांच्या नावावर एका टाचणीचा फरक निघालेला नव्हता. आता मोटरसायकलींचा निघत होता, तोही अकरा.

खुलासा करायचा तर खरं लिहायला हवं. सरकारी कागदावर खोटं लिहिणं त्यांच्या हातून मेलं तरी झालं नसतं. तोंडाने एकदा झालं तेवढं पुरे होतं. आणि खरं लिहिलं तर तो कागद जाणार ताईंच्या टेबलावरून, कारण जावक नंबर नसलेलं पत्र मुख्य कार्यालय पाकीट न फोडता परत पाठवतं. म्हणजे नोकरी वाचवली तर भेटीची गंमत गेली. गंमत वाचवली तर चौकशी. निरोपसमारंभ मंगळवारी, खुलाशाची मुदत सोमवारी. भांडारपालांनी शनिवार-रविवार डोकं धरून काढला, आणि रविवारी दुपारी बायको शेजारी गेलेली बघून लिहायला बसले. त्यांनी जे लिहिलं ते असं:

'विषय: खुलासा. मीटर-वाचकांना मोटरसायकली देण्यात आलेल्या नाहीत. सदर पिशव्या या कार्यालयातील आवक-जावक लिपिक यांना निरोपादाखल देण्यासाठी होत्या. निम्नस्वाक्षरीकाराने सवयीने पाकिटावर कार्यालयाचा शिक्का मारला व विचारणा झाली असता खोटे सांगितले, त्याबद्दल तो दिलगीर आहे. सदर लिपिक गेली एकोणीस वर्षे आपले सामान गाडीला दोरीने बांधून आणतात, ही बाब निम्नस्वाक्षरीकाराच्या एकोणीस वर्षांनी निदर्शनास आली. त्यांच्या हातून या काळात एकही कागद गहाळ झालेला नाही. निम्नस्वाक्षरीकाराच्या आईच्या आजारपणात त्यांनी स्वतःचे काम करून दोन महिने त्याचेही टेबल सांभाळले. त्याबद्दल आभार मानल्याची नोंद आढळून येत नाही. एक तारखेपासून त्या या कार्यालयात नसतील. त्यामुळे होणाऱ्या गैरसोयीसाठी कोणतीही पर्यायी व्यवस्था उपलब्ध नाही. सबब भेट योग्य असावी व ती त्यांना आधी कळू नये, एवढाच हेतू होता. कळावे.'

वाचून पाहिलं. खाडाखोड नव्हती. सही केली.

सोमवारी सकाळी त्यांनी तो कागद तीन घड्या घालून ताईंच्या पुढे ठेवला. "ताई, हे आज जायला हवं. पण एक विनंती आहे. वाचू नका."

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "भाऊसाहेब, एकतीस वर्षांत मी या ऑफिसातलं एक पत्र वाचलेलं नाही. विषय वाचते आणि पत्ता वाचते. आतलं वाचत बसले असते तर पहिल्याच वर्षी डोकं फिरलं असतं माझं."

"खरंच?"

"मग! तुम्हाला काय वाटलं?"

केवढा मोठा दगड छातीवरून उतरला म्हणून सांगू! भांडारपाल खुशीत जिना उतरले, जेवायच्या सुट्टीत थेट दुकान गाठलं आणि एव्हाना आलेल्या तीन दरपत्रकांपैकी मधल्या दराच्या पिशव्या घेऊन आले. पहारेकऱ्याच्या खोलीत लपवल्या. चांगल्या तपकिरी चामड्याच्या होत्या, शिवण दुहेरी होती आणि बक्कलं खणखणीत होती.

मंगळवारी समारंभ तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये झाला. साहेबांनी भाषण केलं. ताईंनी मीटर विभागाला दिलेल्या योगदानाचा त्यांनी भरभरून उल्लेख केला, आणि ताईंनीही मान हलवून तो मान्य केला. मग साहेब म्हणाले, "आता आपले भांडारपाल दोन शब्द बोलतील." भांडारपाल उभे राहिले. समोर सगळं ऑफिस, आणि काठीवाले निवृत्त इंजिनिअरसुद्धा आलेले. भांडारपालांनी घसा खाकरला. "सदर ताई," ते म्हणाले, आणि पुढे काही केल्या येईना. कुणीतरी फिसकन हसलं. ते खाली बसले.

मग ताईंनी पुढ्यात ठेवलेलं भेटीचं गाठोडं सोडलं.

"अगंबाई! पिशव्या!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हात तोंडावर नेले. एक पिशवी उचलून छातीशी धरली, दुसरी फिरवून बघितली. "अहो, कुणाला सुचलं हे? मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं." टायपिस्टबाईंनी डोळे पुसले. लेखापालांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. काठीवाले इंजिनिअर भांडारपालांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जमलं बुवा!" सात वर्षांनी बोलले ते. भांडारपालांना वाटलं, आता आपण सुखाने घरी जायला मोकळे.

चहाला सगळे वर थांबले आणि पिशव्या गाडीला बांधायला ते दोघेच खाली आले. पिशव्या अशा चपखल बसल्या की बघत राहावं. ताईंनी एकेक बक्कल लावलं, एकेक काढलं. मग एका पिशवीत हात घालून तिचा आतला कप्पा चाचपला, आणि आपल्या पर्समधून तीन घड्यांचा एक कागद काढून त्या कप्प्यात ठेवला.

भांडारपालांनी तो ओळखला. स्वतःच्या हाताच्या घड्या होत्या.

"ताई! तो खुलासा आहे. तो काल जायला हवा होता!"

"गेला की. नंबर घातलाय रजिस्टरात, बघा हवं तर."

"पण हा इथे आहे!"

"त्याच्या जागी दुसरा पाठवला. साहेबांची सही घेतली, ते कुठे वाचतात! त्यात लिहिलंय, मोटरसायकली दिलेल्या नाहीत. ते लोक पायीच हिंडतात, सबब अकरा जणांना खांद्याला लावायच्या पिशव्या मिळाव्यात. तुमचं नावसुद्धा नाही त्यात."

"म्हणजे तुम्ही वाचलंत."

ताईंनी हेल्मेट उचललं, पण घातलं नाही. "एकतीस वर्षं मी हजारो पाकिटं फोडली, भाऊसाहेब. साहेबांची, लेखापालांची, तुमची. माझ्याबद्दल एक अक्षर कधी कुठल्या कागदावर आलं नाही. हे पहिलं आलं, आणि ते मी नंबर घालून मुख्य कार्यालयाला पाठवू? तिथे कोण वाचणार ते?" त्यांनी पिशवीचं बक्कल लावलं. "तुमच्या आईच्या वेळचं मी विसरलेसुद्धा होते."

"मी नव्हतो विसरलो," भांडारपाल म्हणाले. "फक्त बोलायचं राहिलं." मग ते थोडे सावरले. "पण ताई, हे नियमात बसत नाही. रजिस्टरात गेलेलं पत्र असं आपल्या पिशवीत..."

"म्हणून तर जाता जाता केलं."

त्यांनी हेल्मेट घातलं, किक मारली आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. पहारेकऱ्याने सलाम ठोकला. रस्त्याच्या वळणापर्यंत दोन्ही बाजूंच्या पिशव्या दिसत राहिल्या, आणि मग धडधडही ऐकू येईनाशी झाली. भांडारपाल बराच वेळ तिथे उभे होते. त्यांना रडू येत होतं, पण पहारेकरी बघत होता म्हणून त्यांनी नाक शिंकरलं.

ते वर आले तेव्हा सगळे अजून तिसऱ्या मजल्यावरच होते. ताईंच्या टेबलावर जावक रजिस्टर नीट मिटून ठेवलेलं होतं. आजवर भांडारपालांनी दुसऱ्याच्या रजिस्टराला बोट लावलं नव्हतं. त्यांनी ते उघडलं आणि सोमवारचं पान काढलं. शेवटची नोंद: विषय, खुलासा. पत्ता, मुख्य कार्यालय. पुढचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. भांडारपालांनी खिशातलं पेन काढलं, त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'पोचले' असं लिहिलं, आणि खाली तारीख घालून सही केली.